ओबेदचं खाली

ओबेद लिंकलेटरला काय काय आवडतं हे सांगायला एक कप चहा पुरतो. काय आवडत नाही ते सांगायचं तर अख्खा हिवाळा अपुरा पडेल. वीज कंपनी तर झालीच. कंपनीचे नकाशे, कंपनीने नावांना वाट दाखवायला पाण्यात सोडलेली नारिंगी पिंपं, ती पिंपं बघत बघत नाव हाकणारी माणसं, दुकानातला कापसासारखा पाव, गोठवलेलं मूस हरणाचं मटण, आणि धरणानंतर जन्मलेले मासे. "हे मासे नाहीत, चिखलाला कल्ले फुटलेत," असं तो म्हणायचा, आणि तेच मासे सकाळ-संध्याकाळ जेवायचा.

त्याचा तरी किती दोष म्हणायचा? आमच्या तळ्याला आम्ही इथले मूळचे क्री लोक मोठं पाणी म्हणतो. पूर्वी नदी पश्चिमेकडून त्यात शिरायची, शेकडो बेटांमधून वाट काढायची, उत्तरेच्या धबधब्यावरून बाहेर पडायची आणि समुद्राला मिळायची. ओबेद बावीस वर्षांचा होता तेव्हा कंपनी आली. तिने धबधब्याच्या डोक्यावर लोखंडी दरवाजे बसवले, तळं दोन पुरुष वर चढवलं आणि दक्षिणेच्या टोकाला जमीन फोडून कालवा काढला, कारण त्यांची वीजघरं पलीकडच्या नदीवर होती. बापाची नदी असल्यासारखी आमची नदी उचलली आणि दुसऱ्या खोऱ्यात ओतली. तेव्हापासून मोठं पाणी उलटं वाहतं. हजारो वर्षं उत्तरेला जाणारं पाणी आता मुकाट्याने दक्षिणेला जातं.

बेटं बुडाली. त्यांच्यावरची झाडं मात्र अजून तशीच पाण्याखाली उभी आहेत, फांद्या वर करून, आणि दर उन्हाळ्यात कोणाचं तरी जाळं नाहीतर कोणाच्या तरी नावेचा पंखा खातात. काठाची जमीन आतून बर्फाने बांधलेली असते. पाणी लागलं की ती वितळते आणि झाडांसकट कोसळते. त्यामुळे जिथे तिथे आडव्या खोडांचं कुंपण, त्याच्यामागे गुडघाभर गाळ, आणि मग कुठे जमीन. कंपनीच्या नकाशात यातलं काहीही नाही. नकाशात मोठं पाणी म्हणजे परातीत ओतल्यासारखं गुळगुळीत निळं.

तो नकाशा घेऊन एकदा एक साहेब गावच्या सभागृहात आला होता. विनिपेग शहरातून आला होता आणि बुटांना चिखल लागू नये म्हणून पिशव्या बांधून आला होता. म्हणाला, "एक चांगली गोष्टही लक्षात घ्या. नावा फिरवायला तुम्हाला आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जागा मिळाली आहे."

ओबेद मागच्या बाकावरून म्हणाला, "साहेब, तुमच्या घरात कंबरभर पाणी सोडलं तर तुम्हालाही पोहायला जागा होईल."

सभागृह हसलं. साहेबाने वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं असेल देव जाणे.

खरी गोष्ट मात्र एका शब्दाची आहे. आमच्याकडे पाण्यावर माणूस उत्तर-दक्षिण म्हणत नाही. ती वाऱ्यांची नावं, ती वाऱ्यांपाशीच राहतात. माणूस जातो तो खाली, नाहीतर वर. पाणी जिकडे जातं ते खाली, जिकडून येतं ते वर. लहान मूल उजवं-डावं शिकायच्या आधी हे शिकतं. आता पाणीच उलटं फिरल्यावर शब्दांनी काय करायचं? चार-सहा वर्षं नुसता गोंधळ होता. मग कोणी सभा घेतली नाही, ठराव केला नाही, पण जाळी टाकणाऱ्यांनी ओढ जिकडे लागते त्याला खाली म्हणायला सुरुवात केली, त्यांच्या बायकांनी उचललं, आणि बघता बघता अख्ख्या गावाचं खाली दक्षिणेला, कालव्याकडे जाऊन बसलं.

एकट्या ओबेदचं बसलं नाही. त्याचं खाली अजून उत्तरेला, जुन्या धबधब्याकडेच होतं.

"पाण्याला कंपनीने कामावर ठेवलंय," तो म्हणायचा. "माझ्या जिभेला नाही."

आणि गावाला तो काय काय बोलायचा! जिभेचे गुलाम म्हणायचा, कंपनीची शेपटी म्हणायचा. एकदा दुकानात व्हर्नाने गल्ल्यावरून सहज विचारलं, "मुशुम, कुठे निघालात एवढं पेट्रोल घेऊन?" आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला मुशुमच म्हणतात, तो आपला आजोबा असो नसो.

"खाली."

"कालव्याकडे?"

"कालवा खाली कधीपासून झाला? उद्या कंपनीने तिकडून सूर्य काढला तर तिकडे तोंड करून उठशील का?"

"मला कुठे सूर्य दिसतो, मुशुम? मी साडेदहाला उठते," व्हर्ना म्हणाली.

यावरही लोक हसले, पण त्यात ओबेदला मजा नव्हती. आपल्या बोलण्यावर लोक हसले की तो खूश असायचा, दुसऱ्याच्या बोलण्यावर हसले की त्याच्या मते गाव बिघडलेलं असायचं.

लेस्टर डायसार्ट हा ओबेदच्या चुलतभावाचा मुलगा, चाळिशीतला, स्वभावाने गरीब. कंपनीने गावातल्या सहा जणांना गस्तीच्या नावा दिल्या होत्या, त्यांचा तो मुकादम. वाहत्या ओंडक्यांना दोर लावून ओढायचं, पिंपं लावायची, कोणी अडकलं तर सोडवून आणायचं, हे त्याचं काम. अंगात नारिंगी जाकीट. ओबेद त्याला पिंपवाला म्हणायचा, तोंडावर.

सहा वर्षांपूर्वी ओबेदने रेडिओवरून कळवलं की खाली मोठं झाड तरंगतंय, कोणाचा तरी जीव जाईल. लेस्टरने विचारलं, "मुशुम, तुमचं खाली की आमचं?"

आमच्याकडे प्रत्येक स्वयंपाकघरात तो बटण दाबून बोलायचा रेडिओ असतो आणि तो दिवसभर चालू असतो. म्हणजे हा प्रश्न गावाने ऐकला. आणि पुढचं पाव तास ओबेदने जे उत्तर दिलं तेही गावाने ऐकलं. तुमचं खाली म्हणजे काय रे? तुमचं काय आहे? जाकीट तुमचं नाही, नाव तुमची नाही, पेट्रोल तुमचं नाही, एक शब्द तुमचा होता तोही विकून खाल्लात. तुझा आजा या पाण्यावर डोळे मिटून नाव न्यायचा, तुला पिंप दिसलं नाही तर घर सापडत नाही. लेस्टरची आई मधेच "पुरे कर, ओबेद" म्हणाली तर तिलाही मिळालं. लेस्टर मात्र शेवटपर्यंत हो मुशुम, हो मुशुम करत राहिला. त्यानंतर ओबेद नाताळापर्यंत रेडिओवर कोणाशी बोलला नाही.

तेव्हापासून त्याला प्रश्न विचारायच्या भानगडीत कोणी पडेना. लेस्टरने आपल्या माणसांना एक नियमच घालून दिला. म्हातारा खाली म्हणाला की आपलं वर समजायचं, वर म्हणाला की आपलं खाली. विचारायचं नाही, उलटं करायचं आणि निघायचं. सहा वर्षांत हा नियम एकदाही चुकला नव्हता. ओबेदला या नियमाची गंधवार्ता नव्हती. लोक गपचूप येतात एवढंच त्याला दिसायचं, आणि आपण या टोणग्यांना थोडंफार वळण लावलं असं तो तबिथाला सांगायचा.

तबिथा ही त्याची बायको. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. गावापासून नऊ मैलांवर, एका उघड्या टोकावर त्यांचं घर आणि मासे साफ करायची शेड होती, आणि एवढ्या वर्षांत त्या टोकावर दुसरं घर झालं नव्हतं, याचं कारण सांगायला नको. तबिथा गावात गेली की गावाचं खाली बोलायची, घराच्या पायरीवर पाय ठेवला की ओबेदचं. बूट बदलावेत तसे शब्द बदलायची. तिला कोणी विचारलं की जमतं कसं, तर म्हणायची, "मला काय, मी नवऱ्याच्या घरी नवऱ्याचं बोलते. त्याला वाटतं मी त्याच्या बाजूची आहे. वाटू दे."

सप्टेंबरच्या शेवटी, पहिलं दव गोठलं की तांबड्या बेरी पिकतात. बेरीची जागा आमच्याकडे बाई कोणाला सांगत नाही. बहिणीला नाही, सुनेला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तबिथाने त्या सकाळी दोन बादल्या नावेत टाकल्या, पाव आणि धुरावलेला मासा फडक्यात बांधला, आणि चहा पीत बसलेल्या ओबेदला दारातून म्हणाली, "मी खाली जातेय. तीनपर्यंत येते."

"पंखा जप," ओबेद म्हणाला. "कंपनीची झाडं वाटेत उभी आहेत."

त्याच्या स्वतःच्या नावेचा पंखा परवाच अशा एका झाडाने खाल्ला होता. ती नाव दगडांवर उलटी पडली होती. नवा पंखा सोमवारच्या विमानाने यायचा होता.

तीन वाजले, ती आली नाही. चार वाजता वारा फिरला, आणि तो आमच्याकडे फिरला की उन्हाळ्याचं नाव संपतं. पाचला पाण्यावर पांढऱ्या लाटा दिसायला लागल्या आणि बारीक बर्फमिश्रित पाऊस सुरू झाला. ओबेद तीनदा धक्क्यावर जाऊन आला. उलट्या नावेला एक लाथ घातली. मग आत येऊन रेडिओसमोर उभा राहिला.

आता बोलायचं काय? खाली म्हणावं, तर त्या टाळक्यांमध्ये आपला शब्द खरंच घुसलाय यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. ओंडक्याच्या वेळी चुकले असते तर चुकले असते. तबिथाच्या वेळी चालणार नव्हतं. घाईत, अंधार पडत असताना, एखाद्या बावळटाने खाली ऐकलं आणि कालव्याकडे सुटला, तर? चव्वेचाळीस वर्षं जो शब्द त्याने गावाच्या अर्थाने तोंडात येऊ दिला नव्हता, तो त्याने आधी स्वतःशी हळू म्हणून बघितला. घाण लागला.

मग त्याने बटण दाबलं.

"लेस्टर, तबिथा सकाळी गेलीय बेरीला. परत आलेली नाही. वर गेलीय." जरा थांबून तो पुन्हा म्हणाला, "वर."

"वर. कळलं, मुशुम," लेस्टर म्हणाला. "निघालोच. तुम्ही चूल पेटती ठेवा."

ओबेदने बटण सोडलं. आपण केवढी मोठी गोष्ट केली हे कोणाच्या लक्षातही आलं नाही, याचा त्याला मनातून रागच आला. पण म्हणाला, जाऊ दे, ती आली की तिला सांगू. तिला खरं वाटणार नाही.

धबधब्याकडे जायची सरळ वाट त्याच्या टोकावरूनच जाते. तो दिवा घेऊन धक्क्यावर उभा राहिला. अर्धा तास झाला, तास झाला, एकही नाव गेली नाही. "पिंपांच्या मागे मागे गेली असतील शेळपट," तो म्हणाला, "लांब बेटाला वळसा घालून, साहेबाने आखून दिलंय म्हणून." आणि त्यांना शिव्या देत तो ओला होत उभा राहिला. त्यांना रेडिओवरून विचारावं, कुठे आहात, असं एकदा त्याच्या मनात आलं. पण पिंपवाल्यांच्या वाटा आपण विचारायच्या? त्याने विचारलं नाही. साडेआठला लेस्टरनेच कळवलं की काही दिसत नाही, लाटा डोक्यावरून येताहेत, आता माघारी फिरतो, पहाटे पुन्हा निघतो. ओबेदने "डोळे आहेत ना तोंडावर?" एवढंच विचारलं. रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही.

सकाळी सातला लेस्टरचा आवाज आला. घोगरा झाला होता.

"मुशुम, आम्ही पुन्हा निघालोय शोधायला. सगळ्या नावा आहेत, व्हर्नाचा नवराही आलाय. काल कालव्याच्या तोंडापर्यंत काठ बघितला. कंपनीलाही सांगून ठेवलंय, कालव्यावरच्या लोखंडी जाळीला काही लागलं तर ते कळवतील."

"कालव्याच्या?" ओबेद म्हणाला.

"हो, मुशुम."

"कालव्यावर काय करताय तुम्ही?"

"तुम्ही वर म्हणालात ना." लेस्टर थांबला. त्याला सहा वर्षांपूर्वीचा तो पाव तास आठवला असणार. "तुमचं वर म्हणजे… इकडेच ना, मुशुम?"

गावातल्या चाळीस स्वयंपाकघरांत त्या वेळी कोणी चमचासुद्धा हलवला नाही.

"मी तुमचं बोललो," ओबेद म्हणाला.

"काय?"

"तुमचं! तुमचं वर! तुमचं बोललो मी!"

इतकी वर्षं त्या रेडिओवर ओबेदचं ओरडणं लोकांनी ऐकलं होतं, पण त्या ओरडण्यात कायम एक चवीने खाल्ल्याचा सूर असायचा. तो या वेळी नव्हता. लेस्टर तिथूनच वळला. पाऊण तासाने सहा नावा ओबेदच्या टोकावरून उत्तरेला गेल्या, आणि एकाही नावेतून कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. लेस्टरने मात्र वेग कमी करून धक्क्याला नाव घासली, म्हाताऱ्याला दंडाला धरून आत घेतलं आणि अंगावर आपलं जाकीट टाकलं. ओबेदने ते काढलं नाही.

ती साडेअकराला सापडली. बुडालेल्या झाडाच्या शेंड्याने नावेचा तळ फाडला होता. ती पोहत, मग आडव्या खोडांवरून, मग गाळातून काठाला लागली होती. गाळाने तिचे दोन्ही बूट ओढून घेतले होते. काड्या भिजल्या होत्या, त्यामुळे शेकोटी नव्हती. रात्रभर ती एका उपटलेल्या झाडाच्या मुळ्यांमध्ये बसली होती, पाय घागऱ्यात गुंडाळून. लेस्टरने तिला उचललं तेव्हा ती फक्त "उशीर केलात" म्हणाली, आणि मग डोळे मिटले.

विमानाने तिला शहरातल्या इस्पितळात नेलं. उजव्या पायाची सगळी बोटं गेली, डाव्याची दोन. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी सापडली असती तर काहीही गेलं नसतं. हे त्यांनी ओबेदला चांगलं वाटावं म्हणून सांगितलं की कसं, कोणास ठाऊक. असल्या लोकांना काय बोलावं आणि काय बोलू नये हे कुठे शिकवत असतील असं वाटत नाही.

तबिथा शुद्धीवर नीट आली तेव्हा चौथा दिवस होता. ती उशीला टेकून बसली होती आणि लाल जेलीचा एक तुकडा चमच्यावर हलवून बघत होती. ओबेद खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. घरून निघताना त्याने मनाशी सगळं ठरवलं होतं, कोणाकोणाला काय काय बोलायचं ते.

"मला माहीत होतं तू सांगशील," ती म्हणाली. "मी म्हटलं, ओबेदला मी खाली जाते म्हणून सांगितलंय, लेस्टरला म्हाताऱ्याचं खाली ठाऊक आहे. सातपर्यंत येतील. सात वाजले. मग म्हटलं, कंपनीच्या माणसांना बोलवायचं नाही म्हणून हा बसला असेल एकटाच शिव्या देत."

"मी पाचलाच सांगितलं."

"मग?"

"वर म्हणालो."

तबिथाने चमचा खाली ठेवला. "कोण, तू?"

"त्यांच्या त्या मठ्ठ डोक्यांना कळावं म्हणून म्हणालो. तुझ्यासाठी. आयुष्यात पहिल्यांदा." ओबेदचा आवाज चढला. "आणि तो पिंपवाला! साधं सरळ बोललेलं त्याला कळू नये? त्याच्याच भाषेत बोललेलं! बरं, नाही कळलं, तर विचारायला काय झालं होतं? दोन शब्द. तुमचं की आमचं? एवढं विचारलं असतं तर तुझे पाय—"

"विचारलं होतं त्याने एकदा," तबिथा म्हणाली.

खिडकीबाहेर कोणीतरी ट्रकचं इंजिन सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ते लागत नव्हतं.

"मी लेस्टरच्या जागी असते ना, तर मीही कालव्याकडेच गेले असते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर त्याला बरं वाटलं असतं. दुकानात व्हर्नाशी बोलताना असायचा तो तिचा रोजचा आवाज होता. "आणि तुला विचारलंही नसतं. एकेचाळीस वर्षं झाली, ओबेद, मी तरी तुला कधी काय विचारलंय?"